तीन रकान्यांचा तक्ता आणि त्यात न मावणारी जमीन

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची. गेली अकरा वर्षं व्हर्जिनियात, रिचमंडजवळ राहते. मुलगी आठवीत आहे. मागच्या महिन्यात तिला शाळेतून गृहपाठ आला: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतींची तुलना करा. तक्ता आखूनच दिला होता. डावीकडे वसाहतींची नावं आणि वर तीन रकाने, राज्यकारभार, अर्थव्यवस्था, धर्म. तिनं अर्ध्या तासात भरून टाकला. व्हर्जिनिया: निवडलेली सभा, तंबाखू, इंग्लंडचं राजचर्च. मॅसॅच्युसेट्स: जनरल कोर्ट, मासेमारी आणि जहाजबांधणी, प्युरिटन (इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध करू पाहणारे प्रॉटेस्टंट). पेनसिल्व्हेनिया: असेंब्ली, गहू, क्वेकर (पाद्री न मानणारा, शांततावादी ख्रिस्ती पंथ). एकही उत्तर चुकीचं नव्हतं. वही मिटता मिटता तिनं विचारलं, "आई, यातला एक रकाना बदलला तर बाकीचे दोन बदलतील का गं?"

मला काही सांगता येईना. तेव्हापासून वाचते आहे. वाचून माझं एक मत झालंय, ते इथं मांडते. हे तीन रकाने वेगवेगळे नाहीतच. तिघांच्या खाली एक चौथा रकाना आहे, तो तक्त्यात नाही: जमीन कोणाला, कशी आणि किती दिली. तो कळला की बाकीचे बरेचसे आपोआप भरले जातात.

माझ्या घरापासून जेम्सटाउन तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. 1607 च्या मे महिन्यात शंभरावर माणसं तिथं उतरली. सगळे पुरुष आणि पोरगे, बाई एकही नाही. पाठवणारी लंडनची व्हर्जिनिया कंपनी, म्हणजे भागधारकांचा पैसा. सोनं सापडलं नाही. 1609-10 च्या हिवाळ्यात माणसं उपासमारीनं इतकी मेली की पाचेकशे होती त्यातली साठएक उरली. तगली ती वसाहत तंबाखूमुळे. जॉन रोल्फनं 1612 च्या सुमारास कॅरिबियन बेटांवरचं गोडसर तंबाखूचं बियाणं लावून पाहिलं आणि लंडनच्या बाजारात तो माल चालला.

आता जमिनीकडे या. कंपनीकडे पैसा नव्हता, जमीन मात्र अफाट होती, निदान कंपनीला तसं वाटत होतं. म्हणून 1618 मध्ये ठरलं की जो कोणी एका माणसाचा प्रवासखर्च भरून त्याला इथं आणेल त्याला माणशी 50 एकर. दहा नोकर आणले तर 500 एकर. नोकर चार ते सात वर्षांच्या करारावर बांधलेला, जमीन मालकाची. ज्याच्याजवळ आधीच पैसा तोच जमीनदार होणार, हे त्या नियमातच लिहिलेलं होतं. जमिनी नद्यांच्या काठानं लांबच लांब पसरल्या, कारण तंबाखूची पिंपं थेट जहाजात चढवायची तर प्रत्येकाला आपल्या शेताशी धक्का हवा. गाव असं वसलंच नाही.

1619 साली 30 जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये पहिली निवडलेली सभा बसली. 11 वस्त्यांतून 22 प्रतिनिधी. आम्ही ती जागा पाहिली. आताचं चर्च 1907 मध्ये बांधलेलं आहे, पण आत जमिनीला काच बसवलीय आणि काचेखाली त्या जुन्या लाकडी चर्चचा पाया दिसतो, गोट्यांची एक ओळ, वर थोडी वीट. इमारत जेमतेम 50 फूट लांब आणि 20 फूट रुंद. लेक काचेवर गुडघे टेकून बघत होती. सभा सहा दिवस चालली, उकाडा इतका की एक प्रतिनिधी त्यातच वारला आणि काम आटोपतं घ्यावं लागलं. त्या सहा दिवसांत काय ठरलं पाहा. उत्तम तंबाखूचा भाव पौंडाला 3 शिलिंग. रविवारी सकाळ-दुपार दोन्ही वेळा प्रार्थनेला सगळ्यांनी हजर राहायचं. मूळ रहिवाशांशी व्यवहार कसा करायचा त्याचे नियम. तिन्ही रकाने एका खोलीत, एकाच आठवड्यात!

आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्टला 'व्हाइट लायन' नावाचं जहाज लागलं. त्यात अंगोलातून पकडून आणलेली वीसहून काही अधिक माणसं होती. अन्नधान्याच्या बदल्यात ती देऊन टाकली. प्रतिनिधींची सभा आणि गुलामांचं जहाज, मध्ये महिनाही गेलेला नाही. हे मुलीला सांगताना माझा आवाज बदलला, तिच्या लक्षात आलं.

पुढचं तुम्ही सांगा. माझं म्हणणं कुठं लंगडं पडतंय तेही सांगा.

निपाणीकर

ताई, तंबाखूचं मी सांगतो, घरात तीन पिढ्या तेच केलंय. हे पीक जमीन खातं. लागोपाठ तीन-चार वर्षं घेतलं की पानाला वजन येत नाही. आणि माणूस सतत लागतो. रोप लावणं, शेंडे खुडणं, फुटवे काढणं, पान तोडून वाळवणं, एकही काम दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. त्यामुळे नवी जमीन आणि नवे हात ही तंबाखूवाल्याची कायमची भूक. व्हर्जिनियाचे लोक वाईट होते म्हणून त्यांनी हे केलं असं मी म्हणणार नाही, पण त्या पिकानं त्यांच्या वाईटपणाला रोज काम दिलं.

पगारसुद्धा तंबाखूतच. 1696 च्या कायद्यानं व्हर्जिनियात पाद्र्याला वर्षाला 16,000 पौंड तंबाखू ठरला. गोड तंबाखू पिकणाऱ्या भागात चांगला पाद्री टिकायचा आणि हलका पिकणाऱ्या भागात चर्च रिकामं राहायचं. पुढे 1758 मध्ये पीक बुडालं, भाव चढला, तेव्हा सभेनं कायदा केला की तंबाखूऐवजी पौंडाला 2 पेन्स दराने रोख द्या. पाद्री इंग्लंडपर्यंत भांडत गेले. त्या खटल्यात सभेच्या बाजूनं बोलून पॅट्रिक हेन्री हा तरुण वकील पहिल्यांदा नावारूपाला आला. पाद्र्याच्या पगारावरून राजाच्या अधिकारापर्यंत गोष्ट पोहोचली.

मोजणीदार

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा धागा सोडवत नाही. कृष्णाकाठताईंच्या मताला माझ्याकडून एक पुरावा जोडतो. व्हर्जिनियात जमिनीच्या हद्दी कोण बघायचं? चर्चचं पंचमंडळ. परिसरातले बारा प्रतिष्ठित लोक. दर चार वर्षांनी या मंडळानं नेमलेले लोक शेताशेताच्या हद्दीवरून चालत जात, झाडांवरच्या खुणा ताज्या करत आणि नोंद ठेवत. गरिबांना मदत देणं, अनाथ पोर कुणाच्या घरी ठेवायचं ते ठरवणं, त्यासाठी कर बसवणं, सगळं त्याच मंडळाकडे. आणि 1662 पासून जागा रिकामी झाली की उरलेले लोकच नवा सभासद निवडत, मतदान नाही. वसाहतींच्या काळात अमेरिकेत या चर्चचा बिशप कधी नेमलाच गेला नाही, त्यामुळे पाद्रीसुद्धा या जमीनदारांच्या मर्जीवर. आता सांगा, हे धर्माच्या रकान्यात लिहायचं की राज्यकारभाराच्या?

राज्यकारभाराचं बोलायचं तर गव्हर्नर बर्कलीनं 1662 ला निवडून आलेली सभा 1676 पर्यंत तशीच चालवली. चौदा वर्षं निवडणूक नाही. 1670 मध्ये जमीन किंवा घर नसलेल्यांचं मत काढून घेतलं. करार संपलेले हजारो नोकर मोकळे झाले होते, पण नदीकाठची चांगली जमीन आधीच गेलेली. त्यांना मिळाली ती सरहद्दीवरची, जिथं मूळ रहिवाशांशी रोजची चकमक. नॅथॅनिएल बेकन स्वतः जमीनदार, पण त्यानं याच लोकांना गोळा केलं, आधी मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर तुटून पडला आणि मग 1676 च्या सप्टेंबरात जेम्सटाउन जाळलं. त्याच्या सैन्यात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले. ती एकत्र यायची शक्यता मालकवर्गानं पुन्हा ठेवली नाही. करारावरचे नोकर कमी होत गेले, गुलाम वाढत गेले आणि गुलामांविषयीच्या 1705 च्या कायद्यानं गोऱ्या-काळ्यांमधली भिंत पक्की झाली.

आणि हो, गुलाम आणला तरी माणशी 50 एकर मिळायचे. 1699 पर्यंत.

पारिजात

मोजणीदारकाका, धर्माच्या रकान्याबद्दल दोन कायदे इथं नोंदवून ठेवावेत असं वाटतं. 1662: मूल आईच्या दर्जाचं. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाच्या वंशाचं. तो रिवाज मुद्दाम उलटा केला, म्हणजे मालकानं गुलाम बाईवर लादलेलं मूलसुद्धा त्याची मालमत्ता. 1667: बाप्तिस्मा घेतल्यानं गुलाम मुक्त होत नाही. आत्मा तारायचा आणि शरीर विकायचं, दोन्ही एकाच सभेत मंजूर. व्हर्जिनियाच्या धर्माच्या रकान्यात नुसतं 'राजचर्च' लिहिलं की हे दोन्ही कायदे नजरेआड होतात.

चार्ल्स_नदीकाठी

बॉस्टनजवळच्या एका गावात राहतो. इथल्या बाजूचं लिहितो.

माझ्या गावात अजून दर वसंतात गावसभा भरते. शाळेच्या सभागृहात खुर्च्या, पुढे सभापती, दारात मतदारयादी तपासून रंगीत कार्ड हातात. गेल्या वर्षी अग्निशमनाच्या नव्या गाडीवर दोन तास चर्चा झाली. मी नागरिक नाही, त्यामुळे मतदार नसलेल्यांसाठी दोरी लावून वेगळी केलेली बाकडी आहेत तिथं बसतो. बोलायचं असेल तर सभेची परवानगी. कार्ड वर करणाऱ्या शेजाऱ्यांकडे तिथून बघताना 1631 चा नियम डोळ्यांपुढे येतो, कारण तिथंही कोणीतरी दोरीपलीकडे बसलेलं होतं.

तो नियम असा. 1630 मध्ये जॉन विन्थ्रॉपबरोबर हजाराच्या आसपास लोक आले. येताना त्यांनी एक मोठं काम केलं: कंपनीची सनद लंडनमध्ये न ठेवता बरोबर जहाजातून आणली. सनद इथं म्हणजे भागधारकांची सभाही इथंच. व्यापारी कंपनीची सर्वसाधारण सभा हीच राज्याची विधानसभा झाली, म्हणून नाव 'जनरल कोर्ट'. पण मग सभासद कोण? 1631 मध्ये ठरलं, चर्चचा सभासद असेल तोच. आणि चर्चचा सभासद होणं म्हणजे नुसतं रविवारी येणं नव्हे. देवाची कृपा आपल्यावर कशी झाली ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं आणि त्यांना पटायला हवं.

जमीन मात्र इथं व्यक्तीला नाही, गावाला मिळायची. काही कुटुंबं एकत्र येऊन मागणी करत आणि जनरल कोर्ट एक अख्खा पट्टा देई. मग गावानं आपसात वाटायची: मध्ये प्रार्थनाघर, भोवती घरांच्या जागा, त्यापुढे शेताच्या पट्ट्या, गवताळ जमीन सगळ्यांची मिळून. गुरं चरायची ती सामाईक हिरवळ अजूनही गावोगाव आहे. डेडहॅमच्या लोकांनी 1636 मध्ये करारच केला की आपल्याशी मन न जुळणाऱ्याला गावात घ्यायचं नाही. माणसं अशी जवळजवळ राहिली म्हणून शाळा काढता आल्या. 1647 चा कायदा: 50 कुटुंबांचं गाव असेल तर वाचायला-लिहायला शिकवणारा मास्तर ठेवा, 100 झाली की लॅटिन शाळा. कारण मुलांनी बायबल स्वतः वाचलं पाहिजे. व्हर्जिनियात घरं मैलमैल लांब, तिथं असा कायदा करून उपयोग झाला नसता. ताई, तुमचा मुद्दा इथं मला पूर्ण पटतो.

पण इथली जमीन खडकाळ, तिच्यावर श्रीमंती नाही. पैसा समुद्रातून आला, कॉड मासा. खारवून वाळवलेला चांगला माल स्पेन-पोर्तुगालला आणि तुटका, हलका माल वेस्ट इंडिजच्या ऊसमळ्यांवर, गुलामांचं खाणं म्हणून. तिकडून काकवी यायची, इथं तिची रम व्हायची. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत आजही लाकडी कॉड टांगलेला आहे. प्युरिटन आणि गुलामगिरी हे शब्द तक्त्यात कधी एका ओळीत येत नाहीत, पण वेस्ट इंडिजमधलं बार्बाडोस हे ऊसमळ्यांचं बेट नसतं तर बॉस्टनची गोदामं भरली नसती. आणि 1641 च्या इथल्याच कायदासंग्रहात युद्धकैदी आणि परक्यांनी विकलेली माणसं गुलाम म्हणून ठेवायला मुभा आहे. तेव्हा व्हर्जिनियात तसा लेखी कायदा अजून नव्हता.

पारिजात

कृष्णाकाठताई, आता माझी हरकत. जमीन सगळं ठरवते म्हणता, मग मेरीलँडचं काय? तोच चेसापीक उपसागर, तोच तंबाखू, माणशी जमीन द्यायची तीच पद्धत. पण धर्म वेगळा. 1632 ची सनद लॉर्ड बॉल्टिमोर सेसिल कॅल्व्हर्टला, हा कॅथलिक. 1634 मध्ये 'आर्क' आणि 'डव्ह' ही दोन जहाजं आली. 1649 मध्ये तिथल्या सभेनं कायदा केला की येशूला मानणाऱ्या कुणालाही धर्मावरून छळायचं नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये काय चाललं होतं ते आठवा, राजाचं डोकं त्याच वर्षी उडवलं होतं. हा कायदा मातीतून नाही उगवला, तो कॅल्व्हर्टच्या घराण्याच्या गरजेतून आणि श्रद्धेतून आला.

कृष्णाकाठ

पारिजात, तुमची हरकत खरी आहे आणि दोन दिवस मी त्यावरच अडून होते. पण मेरीलँडची पुढची गोष्ट बघा. त्या कायद्यातच त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्याला मरणाची शिक्षा होती, म्हणजे ज्यू माणूस बाहेरच. वसाहतीत प्रॉटेस्टंट सुरुवातीपासून जास्त. 1689 मध्ये त्यांनी सत्ता उलथवली. 1702 पर्यंत राजचर्च पक्कं झालं आणि त्याच्या पाद्र्यासाठी कर काय, तर कर लागू असलेल्या प्रत्येक माणसामागे 40 पौंड तंबाखू. 1704 मध्ये कॅथलिकांची उघड प्रार्थना बंद, 1718 मध्ये त्यांचं मत गेलं. सनद कॅथलिकाची होती, पण शंभर वर्षांच्या आत मेरीलँड धर्माच्या रकान्यातसुद्धा व्हर्जिनियासारखं दिसू लागलं.

उलट उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 1630 मध्येच प्युरिटनांच्या दुसऱ्या गटानं निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोर प्रॉव्हिडन्स बेटावर वसाहत केली. पैसा घालणारे इंग्लंडमधले बडे प्युरिटन, खजिनदार जॉन पिम, पुढे पार्लमेंटमध्ये राजाविरुद्ध उभा राहिला तोच. म्हणजे धर्म तोच, वर्ष तेच, श्रद्धाही कमी नाही. पण हवा उष्ण, कापूस-तंबाखू पिकणारी, आणि वसाहतवाल्याला स्वतःच्या मालकीची जमीनच नाही, निम्मं पीक कंपनीला. दहा वर्षांत तिथं गुलामांची संख्या इंग्रजांच्या बरोबरीला आली. गावसभा नाही, नीट उभं राहिलेलं चर्च नाही. 1641 मध्ये स्पॅनिश आरमारानं बेट घेतलं. बॉस्टनच्या प्युरिटनांना त्या बेटावर नेऊन ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर इतिहासानंच देऊन ठेवलंय.

पारिजात

प्रॉव्हिडन्स बेटाचं माहीत नव्हतं. मान्य, निम्मं. पण निम्मंच, कारण ऱ्होड आयलंड उरतंच. रॉजर विल्यम्सला मॅसॅच्युसेट्सनं 1635 मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली, का? एक, सरकारनं माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये असं तो म्हणत होता. दुसरं तुमच्या विषयातलंच: ही जमीन मूळ रहिवाशांची आहे, ती देण्याचा राजाला हक्कच नाही. ऐन हिवाळ्यात तो निघून गेला, 1636 मध्ये नॅरॅगॅन्सेट लोकांच्या सरदारांकडून जागा घेऊन गाव वसवलं आणि तिथल्या रहिवाशांनी करार केला की बहुमत चालेल ते फक्त लौकिक बाबतीत. चर्च आणि मत यांची गाठ सुटली ती तिथं. धर्माबद्दल स्वतःची मतं मांडली म्हणून मॅसॅच्युसेट्सनं हाकललेली अ‍ॅन हचिन्सन तिथंच आसऱ्याला गेली. मेरी डायरला क्वेकर म्हणून बॉस्टनमध्ये 1660 मध्ये फाशी दिलं, त्याच्या तीनच वर्षांनी ऱ्होड आयलंडला राजाची सनद मिळाली आणि त्यात धर्मस्वातंत्र्य लिहून आलं. ही जमीन मॅसॅच्युसेट्सपेक्षा काय वेगळी होती? खडक तेच, कॉड तोच. इथं माणसांच्या विचारानंच फरक पडला. बाई म्हणून मला अ‍ॅन हचिन्सन आणि मेरी डायर यांची नावं तक्त्याच्या बाहेर राहिलेली आवडत नाहीत.

(एक मात्र कबूल करते. याच ऱ्होड आयलंडनं 1652 मध्ये गुलामगिरीला दहा वर्षांची मर्यादा घातली, ती पाळली कुणी नाही, आणि अठराव्या शतकात न्यूपोर्टचे व्यापारी गुलामांच्या व्यापारात सगळ्या वसाहतींच्या पुढे होते.)

मोजणीदार

जॉर्जियाचं कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात. 1733 मध्ये ओगलथॉर्पनं सव्हाना वसवलं. वसाहत चालवणाऱ्या विश्वस्तांनी आधीच ठरवलं होतं: धर्मादाय आलेल्या कुटुंबाला 50 एकर, कुणालाही 500 च्या वर नाही, जमीन विकता येणार नाही, आणि 1735 पासून गुलामगिरीला कायद्यानं बंदी. कागदावर इतकी विचारपूर्वक केलेली वाटणी दुसऱ्या कुठल्या वसाहतीत नाही. पण नदीपलीकडे दक्षिण कॅरोलायना. तिथं भातखाचरं, तिथले जमीनदार गुलामांच्या जिवावर श्रीमंत, तिथली पद्धत मुळात बार्बाडोसहून आलेली. इकडचे लोक रोज ते बघत होते. जॉर्जियातल्याच डॅरियन गावच्या स्कॉटिश लोकांनी 1739 मध्ये गुलामगिरी नको म्हणून अर्ज केला, तो माझ्या मते या सगळ्या काळातला सर्वात सरळ कागद आहे. तरी 1751 पासून बंदी उठली. कमाल जमीनधारणेचा कायदा शेजारच्या तालुक्यात लागू नसेल तर काय होतं, ते मी नोकरीत पाहिलेलं आहे.

जुनं_दप्तर

मुंबईहून. धागा वाचून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1668 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला 10 पौंड सोन्यात, दर 30 सप्टेंबरला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण जमीन कुठल्या हक्कानं दिली? सनदेत लिहिलंय, केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या वतनाप्रमाणे. व्हर्जिनियाच्या 1606 च्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या 1629 च्या सनदेत अगदी हेच शब्द आहेत. म्हणजे राजाच्या दप्तरात माझगाव, जेम्सटाउन आणि बॉस्टन ही तिन्ही ग्रीनिचच्या एका जहागिरीचे तुकडे!

मग मुंबईची व्हर्जिनिया का नाही झाली? इथं ताईंचा चौथा रकाना लागू पडतो. वाटायला मोकळी जमीनच नव्हती. बेटांवर कोळी, भंडारी, कुणबी आधीपासून, पोर्तुगीज काळातले जमीनधारक आपापली कागदपत्रं घेऊन उभे. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला 1672 मध्ये त्यांच्याशी समझोता करावा लागला, दरसाल ठरीव रक्कम घेऊन जमिनी त्यांच्याकडे ठेवल्या. इंग्रज शेतकरी आला नाही, म्हणून इंग्रजांची निवडलेली सभाही नाही. गव्हर्नर आणि त्याची कौन्सिल. आणि व्यापारी हवेत म्हणून पारशी, बनिया, मुसलमान, सगळ्यांना आपापल्या धर्माची मोकळीक. प्युरिटनांच्या गावात जे पाप ठरलं असतं ते मुंबईत धंद्याची गरज होती.

चार्ल्स_नदीकाठी

जुनं दप्तर, हे ग्रीनिचचं वाचून उठून उभा राहिलो! याला जोडून दोन धागे. 1635 च्या व्हर्जिनियातल्या एका जमीनपत्रात, ज्यांच्या प्रवासाबद्दल माणशी 50 एकर मागितले त्या नावांत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. आपल्याकडून गेलेला, खरं नाव पुसलेला एक माणूस, 50 एकरांच्या हिशेबात. दुसरा, बॉस्टनमध्ये जन्मलेला इलाइहू येल मद्रासचा गव्हर्नर झाला आणि 1718 मध्ये त्यानं कनेक्टिकटच्या कॉलेजला पुस्तकं आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. ते विकून आलेल्या पैशात इमारत उभी राहिली आणि कॉलेजला त्याचं नाव लागलं.

रानवाट

नंदुरबारकडचा आहे. सगळं वाचलं, शिकायला मिळालं. पण सगळेजण 'जमीन दिली', 'जमीन वाटली' म्हणताय. कुणाची? पारिजातताईंनी विल्यम्सच्या बोलण्यात एकदा ते सांगितलं, तेवढंच.

व्हर्जिनियाच्या त्या नदीकाठी पोहॅटन या सरदाराच्या सत्तेखालच्या तीसएक जमाती होत्या, मका पेरणाऱ्या. जमीन पडीक ठेवून फिरत शेती करायच्या, इंग्रजांना ती पडीक जमीन मोकळी दिसली. आमच्याकडे वनखात्याला जशी दिसली. 1622 मध्ये त्यांचा पुढचा सरदार ओपेचान्कानो यानं हल्ला केला, 347 वसाहतवाले मेले, आणि त्यानंतर इंग्रजांनी समझोत्याचा विचारच सोडला. 1637 मध्ये कनेक्टिकटमध्ये पेक्वॉट लोकांची वस्ती बायकामुलांसकट जाळली, ती जाळणारे प्युरिटनच. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन चांगला होता म्हणतात, आणि त्यानं तिथल्या मूळच्या लेनापी लोकांना मोल देऊन जमीन घेतली हे खरं. पण 1737 मध्ये त्याच्या मुलांनी काय केलं? जुना कागद दाखवला, माणूस दीड दिवसात चालेल तितकी जमीन आमची. आणि चालायला नाही, पळायला माणसं ठेवली, वाट आधीच साफ करून. साठेक मैल गेले. तक्त्यात पेनसिल्व्हेनियासमोर 'शांतताप्रिय क्वेकर' लिहिताना हेसुद्धा लिहायला सांगा तुमच्या लेकीला.

जुनं_दप्तर

रानवाट, तुम्ही बोललात ते आधी आम्ही बोलायला हवं होतं. तुमच्यामुळे फाळ्याचे, म्हणजे जमिनीबद्दल दरसाल द्यायच्या देण्याचे, कागद पुन्हा काढले. मेरीलँडसाठी बॉल्टिमोरनं राजाला द्यायचा वार्षिक फाळा: मूळ रहिवाशांचे दोन बाण, विंडसरच्या किल्ल्यावर पोचते करायचे. पेनसिल्व्हेनिया दिली ती पेनच्या बापाचं 16,000 पौंडांचं देणं फेडायला, फाळा बीव्हर या केसाळ पाणप्राण्याची दोन कातडी, दर 1 जानेवारीला. आता दुसरी बाजू. 1646 च्या तहानं पोहॅटनांचा सरदार नेकोटोवान्स व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला दरसाल बीव्हरची वीस कातडी द्यायला बांधला गेला. कधी, तर रानहंस परत जातात त्या वेळी. आणि 1677 च्या तहात, ज्यावर पामंकी जमातीची राणी कॉकाकोस्के हिची खूण आहे, मूळ रहिवाशांनी आपल्याच जमिनीसाठी द्यायचे तीन बाण. इंग्रज उमरावानं अख्ख्या मेरीलँडचे दोन, आणि यांनी स्वतःच्या उरल्यासुरल्या तुकड्याचे तीन.

कृष्णाकाठ

रानवाट, तक्त्याला चौथा रकाना जोडलाय आणि त्याच्या आधी पाचवा, 'आधी कोणाची'. लेकीनं स्वतः आखला. व्हर्जिनियाच्या चौकटीत तिनं पामंकी आणि मॅटापोनाय लिहिलंय, कारण ती माणसं गेलेली नाहीत, इथून तासाभरावर त्यांची गावं आहेत. पारिजात, ऱ्होड आयलंडसमोर जमिनीच्या रकान्यात तिनं विल्यम्सचं म्हणणं लिहिलं आणि माझं मत तिथं लागू होत नाही असं मलाच ऐकवलं. मी मान्य केलं.

आणि जुनं दप्तर, तो फाळा अजून चालू आहे. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, पामंकी आणि मॅटापोनाय लोक रिचमंडला गव्हर्नरच्या निवासापुढे हरीण घेऊन येतात आणि सतराव्या शतकातल्या तहाप्रमाणे देतात. अकरा वर्षं इथं राहून मी एकदाही गेले नाही. यंदा लेकीची शाळा त्या दिवशी बंद आहे, आम्ही दोघी जाणार आहोत. सकाळी किती वाजता सुरू होतं, इथं कुणी जाऊन आलंय का?

निपाणीकर

मी गेलो नाही, पण माझी बहीण तिकडेच आहे, तिला विचारून उद्या लिहितो. थंडी असते, लेकीला टोपी घालून न्या.